पैरवी : खटल्यामागील काम

फौजदारी खटला म्हटला की न्यायाधीश आणि सरकारी वकील डोळ्यांसमोर येतात. पोलीस ठाणे व न्यायालय यांना जोडणारा पैरवी कर्मचारी सहसा आठवत नाही. साक्षीदारांना समन्स पोहोचले की नाही हे पाहणे, तारखेस मुद्देमाल हजर ठेवणे, रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाचा पाठपुरावा करणे, ही त्याची कामे वरकरणी कारकुनी वाटतात. परंतु मोहोरबंद पाकिटावरील तपशील पंचनाम्याशी जुळला नाही, तर पुराव्याविषयी शंका उत्पन्न होते आणि संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. तो मिळालाच पाहिजे. म्हणून पडताळणी पाकीट प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वीच व्हावयास हवी. मागाहून केलेली खाडाखोड हा उपाय नव्हे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले. जपावयाच्या पुराव्यात त्याचीही भर पडली आहे.

पंचनाम्यावर अनेकदा गावातील शिक्षकाची वा पंचायत सदस्याची सही असते. साक्षीची वेळ येते तेव्हा वर्षे लोटलेली असतात, गुरुजींची बदली झालेली असते आणि समन्स जुन्या पत्त्यावरून परत येते. नवा पत्ता ठाण्याला लेखी कळविल्यास ही तारीख वाया जात नाही.