मशीनच बोली लावतं तेव्हा

समजा, अंधेरीत मरोळ एमआयडीसीमध्ये एक गाळा आहे. तीन सीएनसी मशिनं, दहा ऑर्डरी. सोमवारी एक्सेलमध्ये मस्त प्लॅन बनतो आणि मंगळवारी एक मशीन बंद पडतं. झालं, सगळा तक्ता पुन्हा मांडा!

एजंटवाल्या पद्धतीत असा एकच मोठा तक्ता नसतो. प्रत्येक मशीनचा आणि प्रत्येक ऑर्डरचा आपला छोटा प्रोग्रॅम असतो. ऑर्डर विचारते, 'हे काम कोण घेतंय?' मशिनं आपापला वेळ नि खर्च सांगतात, जिची बोली परवडते तिला काम. मशीन बंद पडलं, तर फक्त त्याच्याकडची कामं पुन्हा बोलीला. रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये 'कॉन्ट्रॅक्ट नेट' या नावाने ही कल्पना मांडली. म्हणजे चॅटजीपीटीच्या कितीतरी आधी, बरं का.

गोची अशी, की प्रत्येक जण आपलंच बघतो. मशीन काम ओढत राहतं आणि पुढे माल साचतो. जर्मनीत श्टुटगार्टला डाइमलर-क्रायसलरने सिलिंडर हेडच्या लाइनवर हे चालवलं, तेव्हा तोड साधी होती: तयार माल पुढे सरकेना, की त्या मशीनने नवं काम घ्यायचंच नाही.

पण 'ही पार्टी जुनी, हिचा माल आधी' हे सुपरवायझरच्या डोक्यात असतं. ते कोणी सिस्टिममध्ये टाकलं नाही, तर एजंट बिनधास्त तिला शेवटी ढकलणार. आणि पार्टीचा फोन? तो सुपरवायझरलाच.