धानाच्या जखमेचा वास कुणाकुणाला येतो?

2017 च्या खरिपात तुडतुड्यांनी आमच्या पूर्व विदर्भातलं धान असं जाळलं, की सरकारला कपाशीच्या बोंडअळीसोबत धानासाठीही मदत जाहीर करावी लागली. तेव्हापासून आरमोरीच्या चहाटपरीवर एक प्रश्न हमखास निघतो: एवढ्या शिवारात या किडीला नेमकी आपलीच बांधी कशी सापडते?

बरंचसं उत्तर वासात आहे. धानाचं पान बोटांत चुरगाळा, हिरवट उग्र वास येईल. पेशी फाटल्या की त्यांतल्या मेदापासून काही सेकंदांत उडून जाणारी रसायनं तयार होतात, त्यांचा तो वास. अळीने पान कुरतडलं तरी तोच सुटतो.

किडीचं नाक म्हणजे तिच्या मिशा. ज्याला त्या बघायच्या असतील त्याने आमच्याकडच्या ढिवर बांधवांकडे जावं. ते ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात. कोशातून निघालेल्या नर पतंगाच्या मिशा पिसांसारख्या रुंद असतात. त्यांवर बारीक केस, केसांना सूक्ष्म छिद्रं. त्यांतून वासाचे कण आत जातात आणि मज्जातंतू जागे होतात. अंधारात मादी त्याला याच मिशांमुळे सापडते. धानाचं खोड पोखरणाऱ्या खोडकिड्याच्या आणि तुडतुड्याच्या मिशा दिसायला साध्या, पण रीत तीच. हिरवा वास बांधावरच्या गवतालाही असतोच. म्हणून कीड एका रसायनावर जात नाही, कुठलं किती मिसळलंय ते ओळखते.

झाडही गप्प बसत नाही. तुडतुड्याने रस शोषला की काही तासांनी धान लिनालूल नावाचं रसायन जास्त सोडू लागतं. धण्याच्या वासातला मुख्य भाग हाच. तुडतुड्याला तो नकोसा, पण त्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाशीला तो हवासा. ही माशी एक मिलिमीटरही भरत नाही.

डाव उलटतो तो पुढे. चीनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की खोडकिड्याच्या अळीने पोखरलेलं धान तुडतुड्याची मादी मुद्दाम निवडते. अशा झाडाचा वास बदललेला असतो आणि ती गांधीलमाशी तिकडे फिरकत नाही. तुडतुड्याची अंडी सुखरूप राहतात. तिथला खोडकिडा आपल्या पिवळ्या खोडकिड्याचा भाऊबंद, तोच नव्हे. तरी दोन किडींचा हिशेब वेगवेगळा मांडू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

म्हणून रोवणीनंतर मी आधी खोडकिड्याकडे बघतो. मेलेला पोंगा ओढला आणि अलगद हातात आला, की अळी आत शिरली हे नक्की. मग धानाचा चूड बाजूला सारून पाण्यालगतचं बूड बघतो. तुडतुडे तिथेच दडलेले असतात, हात लागताच तिरपे सरकतात. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही औषध मारलं, तर वासाच्या मागाने आलेली माशी आणि तुडतुडे खाणारे कोळी आधी मरतात.

औषध कधी मारायचं याचे कृषी विद्यापीठाचे आकडे सोपे आहेत: खोडकिड्याचे 5 टक्के कीडग्रस्त फुटवे, तुडतुडे दर चुडाला 10. त्यांच्या आत असाल तर पंप घरीच ठेवा आणि खोडकिड्यासाठी त्याच्या अंड्यांवर वाढणाऱ्या माशीचं ट्रायकोकार्ड, मादीच्या वासाने नर ओढणारे कामगंध सापळे लावा. आठवड्यातून एकदा बांधीत उतरून चूड मोजा. दुकानदाराला विचारण्याआधी धानाला विचारा.