हर्णैचा चारचा लिलाव

हर्णैच्या बंदरात बैल समुद्रात उतरतात. पोटाला पाणी लागतं, गाडीची चाकं निम्मीअधिक बुडतात आणि गाडीवान जुवाजवळ उभा राहून होडीची वाट बघत असतो. दापोलीला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हे दृश्य असतंच. मलाही ते पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या फोटोतच दिसलं. किती छान, असं ती म्हणत होती आणि फोटो छान होताही. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत राहिला. शेकड्यांनी बोटी असलेल्या बंदरात मासळी उतरवायला बैल का लागावेत? त्या प्रश्नापायी मी हर्णैला गेले आणि मग जात राहिले.

किनाऱ्यावर थोडा वेळ उभं राहिलं की उत्तर आपोआप मिळतं. मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात, कारण काठाला लागायला त्यांना जागाच नाही. किनारा उथळ, वाळूचा आणि उघडा. म्हणून मासळी बोटीतून होडीत, होडीतून बैलगाडीत, गाडीतून वाळूवर आणि वाळूवरून टेम्पोत अशी फिरते. प्रत्येक पाटी माणसांच्या हातांनी चार वेळा उचलली जाते. परतीच्या खेपेला तीच गाडी बर्फ, डिझेल आणि खलाशांसाठी रेशन घेऊन पाण्यात शिरते. बोटींवर कोकणातल्या पोरांबरोबर नेपाळहून आलेले खलाशीही असतात. समुद्र कधी न पाहिलेली डोंगरातली मुलं इथे महिनोन्‌महिने बोटीवर राहतात.

लिलाव सकाळीही होतो, पण बघावा तो संध्याकाळचा. चारच्या सुमाराला वाळू माणसांनी भरून जाते. मासळीचे ढीग ओतले जातात, लिलाव पुकारणारा मध्ये उभा राहतो, भोवती व्यापारी आणि बायका कडं करतात, बोली चढते, थांबते आणि ढीग कुणाच्या तरी नावावर होतो. हे सगळं इतक्या झटपट होतं, की नवख्या माणसाला बोली कुणी लावली तेही कळत नाही. कुणी मान हलवतं, कुणी दोन बोटं वर करतं. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग व्यापाऱ्यांकडे जातात. बर्फाच्या थरांत भरून त्यांचे टेम्पो लगेच रस्त्याला लागतात. त्यातला बराच माल पुढे परदेशी जातो. डिझेल, वितळणारा बर्फ, ओल्या जाळ्यांचा वास आणि वरच्या अंगाला वाळत घातलेल्या सुकटीचा वास असे सगळे एकात एक मिसळलेले असतात. पहिल्या दिवशी तो वास अंगावर येतो. दुसऱ्या दिवशी तो जाणवत नाही आणि घरी परतल्यावर कपड्यांच्या पिशवीतून पुन्हा भेटतो.

पण मला हर्णैला परत परत नेलं ते वाट्यांनी.

मोठे व्यापारी मोठे ढीग उचलतात तेव्हा एका बाजूला बायकांचा वेगळा व्यवहार चाललेला असतो. एकटीला ढीग परवडत नाही, म्हणून तिघी-चौघी मिळून बोली लावतात. मग वाळूवर प्लास्टिक अंथरून त्या ढिगाचे वाटे पाडतात. मी ज्यांच्याजवळ बसायचे त्या मावशी साठीच्या पुढच्या असाव्यात. कासोटा घट्ट, कानात सोन्याच्या कुड्या आणि हाताची बोटं बर्फाच्या पाण्याने पांढरी पडलेली. मिसळ मासळीचा ढीग होता. मांदेली, चार-दोन बांगडे, लहान कोळंबी, एखादं म्हाकूल, दोन कुर्ल्या. मावशींनी चार वाटे मांडायला घेतले. तराजू नाही, मोजणी नाही. आधी बांगडे एकेक करून, मग कुर्ल्या. दोनच होत्या म्हणून त्या दोन वाट्यांत गेल्या आणि उरलेल्या दोन वाट्यांत कोळंबीची एकेक मूठ जास्त पडली. मग मांदेल्यांचा सोनेरी ढीग ओंजळीओंजळीने चारही वाट्यांवर ओतला. एका वाट्यातून चार मांदेल्या उचलून दुसऱ्यात टाकल्या, थोडं मागे सरून पाहिलं, आणखी एक उचलली. त्या एका मांदेलीने काय फरक पडणार होता? पण ती उचलल्यावर बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. आधी त्या तिघींनी आपापले वाटे उचलले. वाटे पाडणारीने शेवटी उरेल तो घ्यायचा.

‘म्हणजे तुम्हाला कमीच येत असेल,’ मी म्हटलं.

‘कमी कसं येईल, बाय? मीच पाडलेत ना वाटे.’

असा चोख न्याय मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

मावशींच्या बोलण्यात एक आकडा सारखा यायचा. एकसष्ट. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पावसाळा म्हणजे मासळीच्या विणीचा काळ आणि त्यात समुद्रही खवळलेला. बंदी हवीच, याबद्दल मावशींच्या मनात शंका नव्हती. ‘पोर झाल्याबिगर घर वाढंल का?’ त्या म्हणाल्या. त्यांची तक्रार वेगळी होती. ६१ दिवस बोट काठावर, म्हणजे खलाशाला काम नाही, बर्फवाल्याला काम नाही, गाडीवानाला काम नाही आणि मासे विकणारीला तर नाहीच. उरलेल्या दिवसांत त्या ६१ दिवसांची तजवीज करून ठेवायची. आणि त्याच उरलेल्या दिवसांत कुणी रात्री समुद्रात प्रखर दिवे सोडून मासळी खेचून नेली, तर वाळूवर येणारे ढीग लहान होतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ सालीच बंदी घातली, तरी किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांची त्याविरुद्धची ओरड थांबलेली नाही. मावशी तो विषय निघाला की घमेलं जरा जोरात आपटायच्या.

आता खाण्याचं. हर्णैत खायचं असेल तर लिलावाच्या घड्याळाने चालावं. वाळूवरच वाटा घ्यावा, शेजारी कोयता घेऊन बसलेल्या बायकांकडून साफ करून घ्यावा, त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि पिशवी घेऊन एखाद्या घरगुती खानावळीत जावं. हर्णै, पाळंदे, मुरूड या पट्ट्यात आपण आणलेली मासळी शिजवून देणारी घरं आहेत. आधी फोन करून विचारलेलं बरं. घेताना कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक असायला हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. मावशींनी मला हे शिकवलं आणि शेजारणीच्याच घमेल्यातला एक बांगडा दाबून ‘हा नको’ असंही सांगितलं. शेजारीण हसली.

पर्यटक सुरमईच्या मागे धावतात. सुरमई चांगलीच लागते, पण ती पुण्या-मुंबईतही मिळते. इथे येऊन मांदेली खावी. रात्री ज्या खानावळीत मी जेवायचे तिथल्या वहिनी मांदेल्यांना हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायच्या. मग तांदळाच्या पिठात घोळवून त्या तव्यावर एकीला एक चिकटवून गोल लावायच्या आणि अख्खी चकती एकदम उलटायच्या. ती ताटात यायची तेव्हा कडा कुरकुरीत आणि मधे ओलसर असायची. काट्यासकट खायची. सोबत तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण आणि सोलकढी. सोलकढी करताना वहिनी नारळाचं पहिलं दूधच वापरायच्या, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घालायच्या आणि आगळ अगदी शेवटी घालायच्या. आधी घातलं तर दूध फाटल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. जेवणाआधी एक वाटी आणि भातावर एक, असे दोन्ही मान तिला द्यावेत. दिवसभर तहान लागली तर शहाळं आणि कोकम सरबत आहेच. गल्लीबोळांतून चालताना कुणाच्या ओट्यावर आमसुलं वाळताना दिसली, तर विकत मिळतील का म्हणून जरूर विचारावं. बाजारातल्या पाकिटापेक्षा ती कितीतरी चांगली.

लिलावाच्या आधीचा वेळ किल्ल्यांना द्यावा. बंदराला लागूनच कनकदुर्गाची टेकडी आहे, वर दीपगृह आहे. तिथून एका नजरेत खाली बोटी, किनाऱ्यावरची गर्दी आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. शेजारच्या फत्तेगडावर आता मच्छीमारांची घरं दाटीवाटीने उभी आहेत, किल्ल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. पलीकडे गोवा किल्ला. सुवर्णदुर्गाला होडीने जायला फार वेळ लागत नाही, पण समुद्र शांत हवा. तिथेही धक्का नाही, खडकांजवळ होडी थांबवून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि तटावर मारुती. आत झाडोऱ्यात पाण्याची टाकी आणि ढासळलेले वाडे. शिवकाळात मराठ्यांकडे आलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. १७५५ साली पेशव्यांनीच इंग्रजांच्या मदतीने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. कमोडोर जेम्सच्या तोफा याच पाण्यातून चालल्या. आपल्या आरमाराचं बळ आपणच परक्यांच्या हातांनी मोडलं, हे त्या तटावर उभं राहिल्यावर फार टोचतं.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुवर्णदुर्ग त्यांतला एक. मला त्याचा मनापासून आनंद झाला. किल्ल्याची निगा राखली जाईल, माणसं येतील, होडीवाल्यांना चार पैसे मिळतील. पण त्याच पाण्याच्या अलीकडच्या काठावर मच्छीमार कित्येक वर्षं नीट जेटी मागत आले आहेत. वादळाचा बावटा लागला की बोटींना आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घ्यायला पळावं लागतं आणि तिथेही मुखाशी गाळ. बैलगाडी गेली तर हर्णैची शान जाईल, असं मला एका पर्यटकाने किनाऱ्यावरच सांगितलं. मला ते पटत नाही. खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभ्या असलेल्या बैलांचे खूर मी जवळून पाहिले आहेत आणि भरलेली पाटी खांद्यावर घेऊन लाटेतून येणाऱ्या खलाशाचा तोलही. जेटी झाली तर फोटो कमी होतील. पाटी चारऐवजी दोनदा उचलावी लागेल, हे जास्त महत्त्वाचं. गाडीवानांच्या पोटाची सोय मात्र जेटीच्या आराखड्यातच व्हायला हवी.

मासे न खाणाऱ्यांनीही हर्णैवरून तोंड फिरवू नये. पाजपंढरीवरून आंजर्ल्याला जावं, कड्यावरच्या गणपतीला वर चढावं आणि खाली वाडीत आधी सांगून जेवावं. डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी आणि सांगितलेच असतील तर उकडीचे मोदक. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं लागतात, म्हणून इथली सुपारी विकत घेणं हाही एक उपयोगाचा खर्च. वेळ असेल तर आसूदला केशवराजाच्या देवळापर्यंत चालत जावं. श्री. ना. पेंडसे जवळच्या मुर्डीचे, त्यांची ‘गारंबीचा बापू’ वाचलेल्याला ही वाट ओळखीची वाटेल.

आणि जून-जुलैतच सुट्टी मिळत असेल तर? तेव्हाही यावं, पण ताजी सुरमई मागू नये. त्या ६१ दिवसांत मावशी सुकी मासळी विकतात. सोडे, सुके बोंबील, जवळा, सगळं उन्हाळ्यात वाळवून डब्यांत भरलेलं. सोडे घेताना मोठा, गुलाबीसर आणि कडक वाळलेला बघावा. पिवळट पडलेला किंवा हाताला मऊ लागणारा घेऊ नये. घरी आणल्यावर एकदा ऊन दाखवून काचेच्या बरणीत ठेवला तर पावसाळाभर टिकतो. वांगं-बटाट्यात चार सोडे घातले की रश्शाची चव बदलते. भाव मावशी सांगतील तोच. त्या दिवसांत तरी घासाघीस करू नये.