आपला रविवार कोणता?

गेल्या पावसाळ्यात कर्जतजवळच्या एका वस्तीत, विहारातच आम्ही आरोग्य तपासणी ठेवली होती. एक आई चौथीतल्या मुलीला घेऊन आली. "सिस्टर, हिचं पोट सारखं दुखतं." जंताची गोळी देऊन झाली होती, लघवीची तपासणी झाली होती, डॉक्टरांनी पोट तपासले होते. काही निघाले नव्हते. आम्ही विचारले, "कधी दुखतं?" आई म्हणाली, "शनिवारी सकाळी सुरू होतं. सोमवारी शाळेत गेली की बरी असते."

शाळा चुकवण्यासाठी पोट दुखणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. हिचे उलटे होते. आणखी विचारल्यावर कळले की आई फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. शनिवार-रविवारी सकाळी सातला निघते आणि रात्री दहाला येते. मुलीला सुट्टी असते नेमकी त्याच दोन दिवशी.

ते दुखणे खोटे नव्हते. मनावर ताण आला की पोटाच्या हालचाली बदलतात, भूक जाते, मळमळते, कळा येतात. मोठ्या माणसाचे डोके दुखते, तसे लहान मुलाचे पोट दुखते. तरीही तपासणी आधी करायचीच. ताप, उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणे, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर थेट दवाखाना गाठायचा. तपासणीत काही निघाले नाही, तर मग घराच्या वेळापत्रकाकडे पाहायचे.

आपल्या कर्जत-खालापूरकडचे वेळापत्रक कसे आहे? शुक्रवारी रात्रीपासून मुंबई-पुण्याची कुटुंबे गाड्या भरून इकडे येतात. मुलाबाळांसोबत दोन दिवस निवांत घालवावे म्हणून येतात. त्यांचा तो निवांतपणा आपल्या आयाबहिणींच्या हातांवर उभा असतो. घरातला एखादा भाऊ पहाटेची लोकल पकडतो. कर्जत ते मुंबई सीएसएमटी शंभर किलोमीटर, जायला दोन तास आणि यायला दोन तास. खोपोलीकडच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट असेल, तर बाबा घरी येतात तेव्हा मुले झोपलेली आणि मुले शाळेत निघतात तेव्हा बाबा झोपलेले. एका खोलीत राहून चार-चार दिवस एकमेकांशी धड बोलणे होत नाही. यात कुणाचा आळस नाही. पोट भरायचे तर हे करावेच लागते.

म्हणून "मुलांना वेळ द्या" हा उपदेश आम्ही करणार नाही. नसलेला वेळ कुठून आणायचा? आहे त्या वेळातली दहा मिनिटे कशी वापरायची, एवढेच सांगतो.

आमचीच चूक आधी

आम्ही वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हाची गोष्ट. नाईट करून घरी आलो की दारातूनच सुरू: "डबा संपवलास? अभ्यास झाला? पाणी भरलं?" एक दिवस आमचा मुलगा म्हणाला, "आई, तू घरी पण राउंडच घेतेस." आम्ही गप्प झालो. रुग्णाला "आज कसं वाटतंय?" असे रोज विचारणाऱ्या आम्ही, पोटच्या पोराला ते विचारलेच नव्हते.

त्या दिवसापासून केलेले आणि वस्त्यांमधल्या घरांनी करून पाहिलेले हे काही उपाय.

करून पाहण्यासारखे

आल्याबरोबर दहा मिनिटे. चपला काढा, हातपाय धुवा, मोबाईल फळीवर ठेवा आणि मुलाजवळ बसा. हिशेब मागणारा प्रश्न नको. "आज कशाचं हसू आलं?" "कुणाशी भांडलास का?" असे विचारा. उत्तर आले नाही तरी बसा. सात-आठ दिवसांनी आपोआप येते.

काम करता करता बोला. तेरा-चौदा वर्षांची मुले समोरासमोर बसवून विचारले की तोंड मिटतात. तीच मुले भाजी निवडताना, तांदूळ पाखडताना, हंडा घेऊन नळावर जाताना मोकळी होतात. म्हणून काम एकट्या आईवर किंवा मुलीवर टाकू नका. मुलगाही भांडी विसळेल, बाबाही भाकरीचे पीठ मळतील. काम लवकर उरकते आणि बोलणेही होते.

दिवसातले एक खाणे एकत्र. रात्रीचे जेवण जमत नसेल, तर सकाळचा चहा. सेकंड शिफ्टवाल्या बाबांनी शाळेआधी पंधरा मिनिटे उठून मुलासोबत चहा-चपाती खायची आणि परत झोपायचे. खाताना टीव्ही आणि मोबाईल बंद.

मोबाईल चांगल्या कामाला लावा. कामावर जेवणाची सुट्टी झाली की घरी एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा. ज्या घरात एकच फोन आहे, तिथे डब्यात किंवा दप्तरात चिठ्ठी ठेवा. दोन ओळी पुरतात.

तान्ह्या बाळाशीही बोला. बाळ हुंकार देते तेव्हा त्याच्याकडे बघून उत्तर द्या. असे उत्तर मिळाले की बाळाच्या मेंदूची जडणघडण चांगली होते. एक वर्षाच्या आत मोबाईल दाखवूच नका, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

संध्याकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे. वंदना झाली की लगेच उठू नका. प्रत्येकाने दिवसातली एक चांगली आणि एक त्रासाची गोष्ट सांगायची. कुणी मधे बोलायचे नाही, कुणी हसायचे नाही. आजीपासून बालवाडीतल्या बाळापर्यंत सगळ्यांची पाळी. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितले होते की सहा दिशांना नुसते हात जोडू नकोस, आई-वडील, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण यांच्याशी नीट वाग. त्यात पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, हेही आहे. मुले नाते कसे जपायचे ते आई-बाबांच्या बोलण्यातूनच शिकतात.

चुकलो तर मुलासमोरही कबूल करा. "मी उगाच ओरडले, माझं चुकलं," एवढे म्हटल्याने आईबापाचा धाक जात नाही, विश्वास वाढतो. घरात कुणी पिऊन आले असेल, तर त्या रात्री वाद घालू नका. बोलणे सकाळी, शुद्धीवर असताना करा. पण मारहाण होत असेल, तर हे उपाय त्यावर नाहीत. १८१ या महिला हेल्पलाईनला किंवा ११२ ला फोन करा.

भीती आणि दुःख बोलू द्या

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून पाऊस जोरात लागला की झोप न येणारी मुले आम्हाला वस्त्यांमध्ये भेटली आहेत. अशा मुलाला "काही होत नाही, झोप" म्हणू नका. जवळ घ्या, ऐका आणि खरे सांगा: पाणी वाढले तर आपण कुठे जाणार, कागदपत्रांची पिशवी कुठे आहे, कोण कुणाचा हात धरणार. काय करायचे हे कळले की भीती कमी होते.

मोठ्यांचेही तसेच. "बाप्या माणसाने रडायचं नाही" हे खूळ आपल्या वस्तीतही आहे. बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न १९२६ साली गेला. त्याआधी तीन लेकरे गेली होती. त्या ऑगस्टमध्ये दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपण आणि रमाई या धक्क्यातून सावरलो नाही हे मोकळेपणी लिहिले, सावरल्याचे सोंग केले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी महाडचा सत्याग्रह केला. दुःख बोलून दाखवल्याने माणूस दुबळा होत नाही, याहून मोठा दाखला आपल्याला कशाला हवा?

मदत कधी घ्यायची?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक गेली, कशातच मन लागत नाही, मूल शाळेला जायला तयार नाही, सारखी चिडचिड किंवा रडू येते, तर आशाताईंना सांगा किंवा सरकारी रुग्णालयात दाखवा. टेली-मानस हेल्पलाईनचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८.

कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणाले, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे आणि उंदराचे औषध घरातून हलवा आणि लगेच मदत घ्या.

त्या मुलीचे काय झाले? तिच्या आईची सुट्टी मंगळवारी असते. त्या घराने ठरवले की मंगळवारची संध्याकाळ हाच आपला रविवार. त्या दिवशी मुलीच्या आवडीचे कालवण, आईकडून वेणी, आणि झोपेपर्यंत गप्पा. शिवाय शनिवारी दुपारी पाहुणे आडवे झाले की आई पाच मिनिटे फोन करते. पोटदुखी एका दिवसात गेली नाही. पण दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा आईने सांगितले, "आता महिन्यातून एखाद्या वेळेलाच दुखतं. मंगळवार कधी येतो, तेच विचारत असते."

हे पान वाचून झाले की आज रात्री तुमच्याही घरात विचारा: आपला रविवार कोणता? वार कुठलाही असो, तो ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करा.

जय भीम.