भांडवल ऐंशी रुपये, तारण विश्वासाचे!
अनोळखी माणसांवर टाकलेला विश्वास आणि आवाक्यातले उद्दिष्ट यांच्या बळावर छोटे व्यवसाय कसे उभे राहतात?

व्यवसाय सुरू करायचा म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो भांडवलाचा. पैसा कोण देणार, तारण काय ठेवणार, जामीन कोण राहणार, या तीन प्रश्नांपाशीच अनेकांचे बेत थांबतात. मात्र गेल्या काही दशकांत मुंबईत आणि महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या काही उद्योगांचा इतिहास पाहिला, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नसतानाही तेथे व्यवसाय झाल्याचे दिसते. तो झाला, कारण कोणीतरी अनोळखी माणसावर विश्वास ठेवला आणि त्या माणसाने छोटे काम ठरल्या वेळी पूर्ण करून तो विश्वास खरा ठरवला.

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारात उधार मिळण्याची पात्रता म्हणजे पत आणि समाजातील अब्रू म्हणजेही पतच. ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही, ओळखीचा वशिला नाही, त्यांना या दुसऱ्या पतीवरच पहिली पत मिळवावी लागते. ती कशी मिळते, हे समजून घेण्यासाठी गिरणगावातील खाणावळी, गिरगावातील एक गच्ची आणि माणदेशातील एक बँक अशी तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

महिनाअखेरची उधारी

मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष आले. बहुतेकांचे कुटुंब गावीच राहिले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या कामगारांच्या जेवणाची सोय चाळीतील बायकांनी केली. याच त्या खाणावळवाल्या. सुरुवातीला गावचे, नात्यातले लोक जेवायला येत. पुढे त्यांच्या ओळखीने परके लोकही येऊ लागले. हिशेब मात्र पगार झाल्यावर, म्हणजे महिन्याने होई. महिनाभर रोज जेवू घालायचे आणि पैशांची वाट पाहायची, असा हा व्यवहार होता.

यातील अडचण साध्या गणिताने समजते. आजच्या काळातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादी महिला रोज १० डबे देते. एका डब्याची किंमत ८० रुपये आणि खर्च ५५ रुपये, म्हणजे डब्यामागे २५ रुपये उरतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर तिला ६,५०० रुपये सुटतात. ग्राहक महिनाअखेरीस पैसे देणार असतील, तर तोपर्यंत तिचे स्वतःचे १४,३०० रुपये स्वयंपाकात गुंतलेले असतात. हेच पैसे दर सहा दिवसांनी मिळाले, तर गुंतवणूक केवळ ३,३०० रुपयांची राहते. डबे तेवढेच आणि नफाही तेवढाच, पण लागणारे भांडवल चौपटीहून अधिक.

गिरणगावातील बायकांजवळ हे मधले भांडवल नव्हते. त्यामुळे वाण्याकडून धान्य उधार घ्यायचे आणि सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलायचे, याला पर्याय राहत नसे. दिवसभर राबूनही नफा व्याजातच जाई. बँकेत जावे, तर जामीन कोण राहणार, हा प्रश्न पुन्हा समोर येई.

हा पेच सुटला तो १९७५ मध्ये. गोवा मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केले. दुर्बल घटकांना वार्षिक चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना सरकारी बँकांत १९७२ पासून होती. अन्नपूर्णाच्या पुढाकाराने १४ खाणावळवाल्यांच्या पहिल्या गटाला बँक ऑफ बडोदाचे कर्ज मिळाले. जामीन बाहेरचा नव्हता. गटातील बायकाच एकमेकींच्या जामीन राहिल्या. एकीने हप्ता चुकवला तर सगळ्यांची पत जाणार, हे प्रत्येकीला ठाऊक होते. कागदावर ज्यांच्या नावाने काहीही नव्हते, त्यांची पत शेजारणीच्या शब्दावर उभी राहिली.

गच्चीवरील चार पाकिटे

छोटे उद्दिष्ट म्हणजे काय, हे गिरगावातील एका गच्चीवर पाहायला मिळते. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीतील सात गुजराती गृहिणींनी गच्चीवर बसून पापड लाटले. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. भांडवल होते ८० रुपये आणि तेही उसने. ते दिले होते समाजकार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांनी. ‘छगनबाप्पा’ या नावाने ते ओळखले जात. हाच उद्योग पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ म्हणून देशभर पोहोचला.

छगनबाप्पांनी पैशांबरोबर दिलेला सल्ला पैशांहून मोलाचा ठरला. महिलांनी सुरुवातीला दोन प्रतींचे पापड केले होते. त्यांपैकी एक प्रत स्वस्त आणि कमी दर्जाची होती. दर्जाशी तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा, असे त्यांनी बजावले. देणगी घ्यायची नाही, हा दंडकही संस्थेने सुरुवातीपासून पाळला. फुकट मिळालेल्या पैशाने धंद्यातील चुका झाकल्या जातात. परत करायच्या पैशाने त्या वेळीच उघड्या पडतात.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. त्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी महिलांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाचा प्रश्न सुटला. त्या वर्षीचे उद्दिष्ट ‘विक्री दुप्पट करणे’ असे नव्हते, तर ‘पावसाळ्यात काम बंद पडू न देणे’ एवढेच होते. ते साधल्यावर विक्री आपोआप वाढली. सगळेच प्रयत्न यशस्वी झाले, असेही नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा उघडण्याचा प्रयत्न फसला. पण तो झेपेल एवढ्याच आकाराचा होता, म्हणून मूळ काम बुडाले नाही.

सात महिला एकाच इमारतीतील होत्या. पुढे येणाऱ्या शेकडो महिला मात्र एकमेकींना अनोळखी होत्या. त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? संस्थेने त्याची रोजची पद्धत बसवली. सभासद महिलेने भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, वजन आणि दर्जा तपासला जायचा आणि लाटणीचे पैसे हातात पडायचे. एका वेळी पणाला लागते ते एका दिवसाचे पीठ. विश्वास चुकीचा ठरला तरी नुकसान तेवढेच, आणि बरोबर ठरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पीठ. या पद्धतीने आज सुमारे ४५ हजार महिला संस्थेशी जोडल्या गेल्या आहेत.

शहाणपण कोणाकडे?

अनोळखी माणसाकडून केवळ पैसा नव्हे, तर शहाणपणही मिळते. त्याचे उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले म्हसवड. हा दुष्काळी पट्टा. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर तेथे स्थायिक झाल्या. रस्त्याकडेला राहून वेल्डिंगचे काम करणारी एक महिला त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे पैसे बचत करायचे होते. पाऊस लागण्यापूर्वी निवाऱ्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, एवढेच तिचे उद्दिष्ट होते. बँका मात्र इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला तयार नव्हत्या.

त्यातून महिलांची स्वतःची बँक काढण्याचा विचार पुढे आला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उमटवले होते. महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नव्हते, हिशेब मात्र येतो, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली.

या बँकेला खरे शिक्षण तिच्या खातेदारांनी दिले. बाजारहाट आणि मजुरी सोडून शाखेत येणे बायकांना परवडत नव्हते. म्हणून बँकेचे लोक त्यांच्या दारी जाऊ लागले. अनेक महिलांना पासबुक घरी नेणे नको होते, कारण ते दिसले की शिल्लक नवऱ्याच्या हाती जाण्याची भीती होती. ही गोष्ट बँकिंगच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. ज्याला आपण मदत करायला निघालो, त्याच्याकडूनच धंदा शिकावा लागतो, हा म्हसवडचा धडा आहे.

डोळस विश्वासाची पंचसूत्री

या अनुभवांचे सार बचत गटांच्या पद्धतीत उतरले आहे. ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. आज गावागावांत दिसणाऱ्या गटांच्या कर्जव्यवहाराची ती सुरुवात होती. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि अचूक नोंदी ही त्यांची पंचसूत्री आहे. यातील प्रत्येक सूत्र म्हणजे विश्वास तपासण्याचे एकेक साधन होय. ठरल्या दिवशी बैठकीला येणारी आणि ठरलेली बचत भरणारी महिला आपली पत हळूहळू सिद्ध करीत असते. म्हणूनच गटाला बँकेचे कर्ज आधीच्या बचतीच्या प्रमाणात मिळते.

हे तारतम्य सुटले की काय होते, तेही देशाने पाहिले आहे. आंध्र प्रदेशात एकाच कुटुंबाला अनेक संस्थांनी सूक्ष्म कर्जे दिली. वसुलीसाठी गटातील बायकांचाच एकमेकींवर दबाव आणला गेला. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकमेकींचा आधार म्हणून जन्मलेली सामूहिक हमी तेथे फास ठरली, कारण उद्दिष्ट कर्जदाराच्या ऐपतीवरून नव्हे, तर कर्ज देणाऱ्याच्या वाढीवरून ठरू लागले होते. महाराष्ट्रातही दामदुपटीच्या आमिषाने ठेवीदार बुडाल्यामुळे १९९९ मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मोठ्या लाभाचे आश्वासन देणारा आणि हिशेब दाखवायला टाळाटाळ करणारा परका माणूस विश्वासाला पात्र नसतो, हे ओळखणे हेही शहाणपणच होय.

उद्दिष्ट कसे ठरवावे?

नव्याने छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी या साऱ्यातून काही व्यवहार्य गोष्टी हाती लागतात. पहिली म्हणजे उद्दिष्ट मोजता येईल असे आणि आपल्या हातातले असावे. ‘वर्षभरात नाव कमवायचे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘या महिन्यात दहाही डबे रोज साडेबाराच्या आत पोहोचवायचे’ हे उद्दिष्ट आहे.

दुसरी गोष्ट उधारीच्या मर्यादेची. वरच्या उदाहरणातील एका ग्राहकाने महिन्याचे पैसे बुडवले, तर १,४३० रुपयांचा खर्च अंगावर येतो आणि तो भरून काढायला ५७ डब्यांचा नफा जातो. सहा दिवसांचीच उधारी असेल, तर १३ डब्यांच्या नफ्यात तो भरून निघतो. नव्या ग्राहकावर विश्वास जरूर ठेवावा, पण आधी सहा दिवसांचा. तो पाळला गेला की मग पंधरा दिवसांचा.

तिसरी गोष्ट वाढीची. आधीचे उद्दिष्ट सलग दोन-तीन महिने साधल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. दहावरून थेट पन्नास डब्यांवर उडी घेतली, तर चव, वेळ आणि हिशेब या तिन्ही गोष्टी एकदम निसटतात. चौथी गोष्ट नोंदींची. साध्या वहीत रोजची जमा, खर्च आणि येणे लिहिले तरी पुरते. बँक अधिकारी उद्या पत तपासायला बसेल, तेव्हा हीच वही उपयोगी पडेल.

शेवटची गोष्ट ऐकून घेण्याची. आमटी खारट झाल्याची तक्रार करणारा ग्राहक, माल का परत आला हे सांगणारा दुकानदार, शेजारच्या गाळ्यातील जुना विक्रेता ही सगळी परकीच माणसे असतात. घरचे लोक कौतुक करतात, चूक बहुधा परका माणूस दाखवतो. त्याचे बोलणे दोन मिनिटे ऐकून वहीत टिपून ठेवले, तर पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट अनेकदा तेथेच सापडते.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावचे दिवस फिरले आणि कामगारांबरोबर खाणावळवाल्यांचाही हक्काचा ग्राहक गेला. विश्वास आणि छोटी उद्दिष्टे अशा संकटापासून वाचवू शकत नाहीत. मात्र संकटानंतर पुन्हा सुरुवात करायची झाली, तर वाण्याकडे आणि बँकेत दाखवायला वेळेवर फेडलेल्या हप्त्यांचा इतिहास असतो. गहाण ठेवायला काहीच नसलेल्यांसाठी तेवढाच आधार असतो, आणि अनेकदा तो पुरतो.