केळापूर–दिल्ली हवाई अंतर व प्रवासकाल

केळापूर हा महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यातील एक तालुका असून त्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे आहे. पांढरकवडा ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ९५५ किलोमीटर भरते. मात्र तालुक्यात विमानतळ नसल्याने दिल्लीला विमानाने जाणाऱ्या प्रवाशास प्रथम नागपूर गाठावे लागते. त्यामुळे प्रवासाला लागणारा एकूण वेळ केवळ या अंतरावरून काढता येत नाही.

हवाई अंतर म्हणजे काय

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी लांबीच्या मार्गास हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी गोल असल्याने हा मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, एक तुकडा असतो. रस्ता व लोहमार्ग नद्या, डोंगर आणि वाटेतील गावे यांनुसार वळत असल्याने ते अधिक लांब असतात. नागपूर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ८५० किलोमीटर, तर इटारसी–भोपाळमार्गे रेल्वेचे अंतर सुमारे १,०९० किलोमीटर आहे.

अंतर आणि उड्डाणकाल

प्रवासी जेट विमानाचा उंचीवरील वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर असतो. या हिशेबाने नागपूर–दिल्ली प्रवास तासाभराहून थोड्या अधिक वेळात व्हावयास हवा. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे पावणेदोन तास दिलेले असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे आणि गर्दीच्या विमानतळावर आकाशात थांबणे यांचा वेळ त्यात धरलेला असतो. वाऱ्याच्या दिशेनेही या वेळेत फरक पडतो.

केळापुराहून प्रवास

पांढरकवडा हे श्रीनगर–कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ वर (पूर्वीचा क्र. ७) आहे. तेथून नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर, तर हिंगणघाटमार्गे रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. रस्त्याच्या प्रवासास साधारण अडीच ते तीन तास लागतात. उड्डाणापूर्वी दोन तास विमानतळावर पोहोचणे आणि उतरल्यावर सामान मिळण्यास लागणारा अर्धा तास धरल्यास घरापासून दिल्ली विमानतळाबाहेर पडेपर्यंत सुमारे सात तास होतात. त्यांपैकी उड्डाणाचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश असतो. उपचार, परीक्षा किंवा न्यायालयीन कामासाठी ठरावीक वेळी पोहोचावयाचे असल्यास म्हणूनच उड्डाणाची नव्हे, तर घरातून निघण्याची वेळ आधी ठरवावी लागते.

मध्यवर्ती स्थान

दिल्ली व चेन्नई यांना जोडणारी सुमारे १,७५० किलोमीटरची सरळ रेषा पांढरकवड्याच्या पूर्वेस थोड्याच अंतरावरून जाते. विमाने मात्र नेमून दिलेल्या हवाई मार्गांनी जात असल्याने त्यांचा मार्ग या रेषेहून काहीसा वेगळा असतो. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५, दिल्ली ८५०, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८५ किलोमीटर दूर आहे. चारही महानगरे अशी एक हजार किलोमीटरच्या आत असल्यामुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेसाठी नागपूर निवडले गेले. चार शहरांची विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा हा लाभ विमानतळ असलेल्या नागपूरला मिळाला. केळापूरकरांना मात्र त्यासाठी आधी दीडशे किलोमीटर रस्ता कापावा लागतो.