अमेरिकी बासचे वेळापत्रक आणि मावळातले पाणी

मावळात गळ टाकायला येणाऱ्या हौशी मंडळींच्या डब्यात आता गांडुळांऐवजी रंगीत ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषे, दिसतात. त्यांच्याबरोबर व्हिडिओंतून एक वेळापत्रकही आले आहे: पहाटे पाण्यावर पॉपर, दुपारी खोल जाणारा क्रँकबेट, संध्याकाळी पुन्हा पॉपर. ते अमेरिकेतल्या बास माशासाठी आहे. इथे त्यातले किती चालते?

गैरसमज १ : बास म्हणजे आपला जिताडाच.
वस्तुस्थिती : लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. जिताडा खाडीतला आणि वेगळ्या कुळातला. कोकणातून घाट चढून तो इथे येत नाही. मावळात ल्युअरवर झडप घालणारा ओळखीचा शिकारी म्हणजे मरळ. ल्युअर तिच्या सवयी पाहून निवडावा.

गैरसमज २ : ऊन चढले की पाणीही तापते, म्हणून तासातासाला ल्युअर बदलावा.
वस्तुस्थिती : तेवढ्याच वजनाची हवा तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे चौपट पाण्याला लागते. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे कुडकुडायला झाले आणि दुपारी स्वेटर काढावा लागला, तरी धरणाच्या भर पाण्यात फारसा फरक पडत नाही. बदल जाणवतो तो काठच्या उथळ पाण्यात. मोबाइलवरचे तापमान हवेचे असते. पाण्याचे हवे असेल तर थर्मामीटर पाण्यातच बुडवावा लागतो.

गैरसमज ३ : थंडीत जितके पहाटे जाल तितके चांगले.
वस्तुस्थिती : मासा शीतरक्ताचा, पाणी गार तसे त्याचे शरीर संथ. रात्रभर निवलेला उथळ काठ पहाटेच सर्वांत गार असतो. तेव्हा छोटा रबरी ल्युअर थांबत थांबत ओढावा. ऊन काठावर चांगले पडल्यावर फिरत्या पात्याचा स्पिनर थोडा वेगात चालवून पाहावा. उन्हाळ्यात मात्र पहाटेचे महत्त्व खरे.

गैरसमज ४ : भर दुपारी सगळे मासे तळाला जातात.
वस्तुस्थिती : उन्हाळ्यात खोल जलाशयात गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर पडतात. ते मिसळत नाहीत, त्यामुळे तळाला प्राणवायू कमी पडू शकतो. शिवाय मरळीला डोक्यात हवा घेण्यासाठी खास पोकळी असते आणि श्वासासाठी तिला वर यावेच लागते. कडक उन्हात ती पाणवनस्पतींच्या सावलीत असू शकते. तिथे जड क्रँकबेट अडकतो. गळ झाकलेला रबरी बेडूक पानांवरून सरकत जातो.

गैरसमज ५ : रंग बरोबर निवडला की काम झाले.
वस्तुस्थिती : पाण्यात खोलवर लाल रंग सर्वांत आधी विरतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की कुठलाच रंग फार लांबून दिसत नाही. मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर ओळखतो. म्हणून गढुळात फिरत्या पात्याचा स्पिनर, तर निवळ पाण्यात साधा, लहान ल्युअर.

गैरसमज ६ : पकडून सोडला की मासा जगतोच.
वस्तुस्थिती : 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. झुंजून दमलेल्या माशाला गरज जास्त आणि पुरवठा कमी. महसीर माशाच्या बाबतीत हे विशेष जपावे. लोणावळ्यात वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकापासून महसीरची पैदास करून बीज ठिकठिकाणी पाठवले आहे. वळवणचा जलाशयही त्याच कंपनीचा आहे, त्यामुळे परवानगीशिवाय तिथे गळ टाकू नये. इतरत्र महसीर लागलाच, तर पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा. आणि एप्रिल-मेच्या दुपारी काठचे पाणी हाताला कोमट लागले, तर ल्युअर कुठला हा प्रश्न बाजूला ठेवून काठी आवरावी.